तिघांचं मैदान

पकड येत नाही म्हणून शाळेतली पोरं कबड्डीत हरतात, हे मला कधी पटलं नाही. पकड सगळ्यांना येते. अमळनेर-पारोळ्याच्या पट्ट्यातल्या एका हायस्कुलात मी शारीरिक शिक्षणाचा शिक्षक होतो. तिथली पोरं कपाशीच्या शेतातून, विहिरीवरून थेट मैदानावर यायची. मनगटात ताकद, बोटं पक्की. एकदा पाय हातात आला की सोडायचं नाव नाही. सात जण आत असले की आमचा संघ तालुक्यात कोणालाही अडवायचा. पण चार गडी बाद होऊन तीनच उरले, की तीच पोरं ओळखू यायची नाहीत. कोणी पुढे धावायचा, कोणी मागच्या रेषेला जाऊन चिकटायचा, आणि सगळे बाद होऊन लोण चढायला दोन-तीन चढाया पुरायच्या. सामना तिथेच जायचा.

मैदान मोजून पाहिलं की यातलं निम्मं कोडं सुटतं. मोठ्या गटाचं मैदान 13 मीटर लांब, 10 मीटर रुंद. दोन्ही बाजूंचा एकेक मीटरचा राखीव पट्टा सोडला तर एका संघाच्या अंगणात साडेसहा गुणिले आठ, म्हणजे 52 चौरस मीटर जागा येते. सात जण उभे असताना एकाच्या वाट्याला जेमतेम साडेसात चौरस मीटर. तिघं उरले की तोच वाटा सतरा चौरस मीटरच्या पुढे जातो. साखळी तुटलेली असते, शेजारी हात धरायला कोणी नसतं. समोरचा रेडर तोच, त्याचा वेग तोच, पण त्याला आता पळायला रान मिळालेलं असतं. पोरांना हा हिशेब मी फळ्यावर मांडून दाखवायचो. गणिताचे सर म्हणायचे, माझ्या तासापेक्षा तुमच्या तासाला भागाकार बरा करतात.

रेडरमध्येही दोन जाती आहेत. एक अंगावर येणारा. तो साखळीत घुसतो, हात मारतो, धसमुसळेपणाने निसटतो. त्याला धरायला आमच्या पोरांना मजा यायची. दुसरा पसरवणारा. तो कोणाच्या जवळच जात नाही. या पट्ट्यापासून त्या पट्ट्यापर्यंत आडवा पळत राहतो, मध्येच दिशा फिरवतो. कोपऱ्यातल्या गड्याला वाटतं आता माझ्याकडे येतोय, तो अर्धं पाऊल पुढे टाकतो, आणि तेवढ्यात इन आणि कव्हर या मधल्या गड्यांमध्ये फट पडते. अशा फटीच त्याला हव्या असतात. माती होती तेव्हा हा प्रकार कमी होता. काळ्या जमिनीवर मुरूम आणि लाल माती टाकून केलेल्या मैदानात अनवाणी पाय इतक्या झटकन वळत नाही. मॅट आली, बूट आले, आणि पसरवणाऱ्याचे दिवस सुरू झाले.

धुळ्याला गरुड मैदानावर एका खुल्या स्पर्धेत आमच्या पोरांची गाठ अशाच एका बारक्या रेडरशी पडली. मध्यंतराला आम्ही पुढे होतो. उत्तरार्धात त्याने एकेक करून आमचे चौघं बाहेर काढले, कोणाला नीट हात न लावता. बोटाचा ओझरता स्पर्श, पायाच्या अंगठ्याचा टोला, बस्स. तिघं उरल्यावर तो आत आला आणि आमच्या उजव्या कोपऱ्याने सूर मारून त्याचा घोटा धरला. धरला म्हणजे चांगलाच धरला. पण कुठे, तर मध्यरेषेपासून दोन हातांवर, आणि बाकीचे दोघं मागे अंतिम रेषेजवळ. रेडर पुढे आडवा झाला, हात लांब केला, बोटं रेषेला लागली. पोरगा धुळीतून उठून माझ्याकडे आला आणि म्हणाला, "त्याना पाय मना हातमा व्हता सर, निसटी गया."

पाय निसटला नव्हता. शेवटपर्यंत त्याच्याच हातात होता. जागा चुकली होती.

कबड्डीत बचाव करणाऱ्याच्या बाजूने एक मोठी गोष्ट आहे आणि ती पोरांच्या लक्षातच येत नाही. रेडरला घरी परत जायचं असतं, तेही तीस सेकंदांत आणि एका दमात. शिवाय कोणाला स्पर्श केला नसेल तर निदानरेषा ओलांडल्याशिवाय त्याला परतही जाता येत नाही. मोठ्या मैदानात ती मध्यरेषेपासून पावणेचार मीटरवर असते. म्हणजे त्याला आत यावंच लागतं. जितका आत येईल तितकी परतीची वाट लांब. मग त्याला रेषेजवळ धरायची घाई कशाला? आत येऊ द्यावं. कुठून आत येईल तेवढं मात्र आपण ठरवावं.

हे मला कुठल्या शिबिरात कळलं नाही. लहानपणी शेतात दावं तोडून पळालेलं वासरू धरायला वडील मला पाठवायचे. मी सरळ त्याच्या अंगावर धावायचो आणि ते उधळायचं. वडील नुसते हात पसरून एका अंगाला उभे राहायचे. दुसऱ्या अंगाला गोठ्याची भिंत. वासरू आपसूक भिंतीकडे जायचं, कारण तेवढीच वाट उघडी दिसायची. मैदानावर भिंत नसते, पण बाजूची रेषा असते. आणि कबड्डीत त्या रेषेबाहेर ढकललेला रेडर बाद असतो.

म्हणून आम्ही एक सराव सुरू केला. मैदानावर फक्कीने तीन मीटर रुंदीचा एक पट्टा आखायचा. त्यात एक रेडर, एक बचावपटू. पकडायला सक्त मनाई. बचाव करणाऱ्याने एवढंच करायचं की रेडरला मी सांगेन त्या बाजूने पट्ट्याबाहेर जायला लावायचं. हात लावायचा नाही, फक्त उभं राहायचं. त्यासाठी छाती त्याच्यासमोर पूर्ण उघडी ठेवून चालत नाही. आतला पाय थोडा पुढे, बाहेरचा मागे, वजन पंजांवर. मग आतली वाट बंद दिसते, बाहेरची उघडी. पोरांना हा सराव भयंकर कंटाळवाणा वाटला. कबड्डीत पकड नाही म्हणजे भरतात वांगंच नाही, अशी त्यांची तक्रार. दोघा-तिघांनी सरावाला यायचं बंद केलं. त्यात कापूस वेचणीचे दिवस, घरूनच बोलावणं येई. जे टिकले त्यांच्याबरोबर पुढे गेलो.

पुढची पायरी तिघांची. दोन कोपरे आणि मधे एक कव्हर. पहिला नियम असा की ज्याच्याकडे रेडर गेला त्याने जागेवर थांबायचं, मागे पळायचं नाही आणि पुढेही जायचं नाही. दुसरा नियम मधल्यासाठी. त्याने रेडरकडे बघायचं नाही, रेडर परत कुठून जाणार त्या वाटेकडे बघायचं, आणि त्या वाटेवर जाऊन उभं राहायचं. तिसरा गडी, म्हणजे पलीकडचा कोपरा, याचं काम सगळ्यात अवघड. त्याने पकड बसेपर्यंत लांब राहायचं. आपला जोडीदार झुंजतोय आणि आपण लांब उभे, हे पंधरा-सोळा वर्षांच्या पोराला जमत नाही. तो धावतोच. आणि धावला की रेडर एकाला घेऊन जायचा तो दोघांना घेऊन जातो.

मधल्याला डॅश, म्हणजे रेडरला धडक देऊन रेषेबाहेर ढकलणं, शिकवताना आणखी एक भानगड. स्पर्श होईपर्यंत राखीव पट्टा मैदानात धरत नाहीत. स्पर्श न करता रेडरचा पाय तिथे पडला तर तोच बाद. स्पर्श झाला, झुंज सुरू झाली, की पट्टा मैदानात येतो आणि त्याला एक मीटर जास्त मिळतो. म्हणजे हात न लावता नुसतं उभं राहून त्याला बाहेर जायला लावलं तर एक रेषा, हात लावला किंवा ढकललं तर त्यापुढची रेषा. हा फरक डोक्यात न ठेवता पोरं धडक देतात, आणि धडक देणाराच रेडरसकट भेलकांडत बाहेर जातो.

काही वर्षांपूर्वी मुलीकडे अमेरिकेत गेलो होतो. डॅलसजवळ फ्रिस्को नावाचं गाव आहे, तिथे तेलुगू आणि मराठी इतके की भाजीच्या दुकानात कोथिंबीर मागायला इंग्रजी लागत नाही. नातू तिथल्या शाळेच्या फुटबॉल संघात. आपला फुटबॉल नाही, हेल्मेटवाला. तिकडे शाळांचे सामने शुक्रवारी रात्री असतात आणि टेक्सासात ते बघायला अख्खं गाव लोटतं. बँड, दिवे, आजी-आजोबा, सगळं. मला पहिला अर्धा तास काही कळलं नाही. नुसती ढकलाढकली. मग दुसऱ्या संघाने आपले चार-पाच गडी मैदानाच्या रुंदीत दूर दूर नेऊन उभे केले आणि मी सरसावून बसलो. हे मला कळत होतं.

ते मैदान 160 फूट रुंद असतं, म्हणजे 49 मीटरच्या आसपास. अडवायला अकरा जण. चढाई करणारा संघ चेंडूभोवती गोळा होऊन उभा राहिला तर अकरा जण पुरतात. तो पसरला की प्रत्येकाला एकट्याने मोठी जागा सांभाळायची वेळ येते आणि मोकळ्यात एकाने एकाला धरायचं असतं. नातू सेफ्टी खेळायचा, म्हणजे सगळ्यात मागचा. त्याच्या मागे कोणी नाही. घरी आल्यावर त्याने मला टेबलावर काजू-बदाम मांडून सगळं समजावलं. "आबा, हे स्प्रेड म्हणजे अशक्त टीमची आयडिया आहे," असं म्हणाला, आणि ते खरंच आहे. ओहायोतल्या मिडलटाउन नावाच्या गावात टायगर एलिसन नावाचा शाळेचा प्रशिक्षक होता. 1958 च्या हंगामात त्याची पोरं जिंकेनात, तेव्हा त्याने त्यांना पसरवलं. 1965 मध्ये त्याने त्यावर पुस्तक लिहिलं. पुढे हॅल ममी नावाच्या प्रशिक्षकाने टेक्सासातल्या कॉपरस कोव्हच्या शाळेत, अंगाने मोठ्या पोरांसमोर, मैदान पसरवून चेंडू फेकत राहायची रीत चालवली. 1989 मध्ये आयोवातल्या एका लहान कॉलेजात माइक लीच त्याच्या हाताखाली आला आणि दोघांनी मिळून ती रीत मोठ्या कॉलेजांपर्यंत नेली. सुरुवात मात्र शाळेच्या मैदानावरची. अंगाने कमी असलेल्या पोरांना जागा दिली की ती जड पोरांना हरवतात. आमच्या धुळ्याच्या त्या बारक्या रेडरला कोणी पुस्तक वाचून दाखवलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी नातवाचा सराव बघायला गेलो. लांबून, जाळीबाहेरून. त्यांच्या प्रशिक्षकाने गवतावर नारिंगी शंकू ठेवून एक अरुंद पट्टा आखला होता, त्यात एक पळणारा, एक अडवणारा. मला हसू आवरेना. फक्कीऐवजी शंकू, एवढाच फरक. बाहेरच्या बाजूच्या गड्याने आपला बाहेरचा खांदा मोकळा ठेवायचा आणि पळणाऱ्याला आत, जिथे आपले गडी धावत येतायत तिकडे वळवायचं. आत कोणी नसेल तर उलट करायचं, त्याला बाजूच्या रेषेकडे रेटायचं. त्या रेषेला तिकडचे प्रशिक्षक बारावा गडी म्हणतात. पसरलेल्या संघासमोर एक जड गडी काढून त्या जागी एक चपळ गडी आणतात, हेही तिथे कळलं. आपल्याला तेवढी मुभा नाही. आमच्याकडे जे तीन उरले ते उरले.

पण नातवाचं एक वाक्य मी घेऊन आलो. तो म्हणाला, कोच सांगतात, पाच यार्ड द्या, पन्नास देऊ नका. त्यांच्या खेळात दहा यार्ड जायला चार संधी मिळतात. म्हणून थोडं द्यायचं, मागे कोणी जाऊ द्यायचा नाही, आणि समोरच्याला प्रत्येक वेळी नव्याने मेहनत करायला लावायची. विमानात बसून मी हे कबड्डीला लावून पाहत होतो. आपल्याकडे काय द्यायचं? बोनस देता येतो, पण बोनस सहा किंवा जास्त गडी आत असतील तरच असतो. तिघांसमोर रेडरला बोनस नाहीच. म्हणजे त्याला फुकटचा गुण मिळायची सोयच नाही. त्याला कोणाला तरी हात लावावाच लागणार. आणि आता दोन चढाया रिकाम्या गेल्या की तिसरीत गुण आणावाच लागतो, नाहीतर रेडर बाद.

तर तिघांनी पहिल्या दोन चढायांना काहीच करायचं नाही. आत येऊ द्यायचं, अंतर राखायचं, निदानरेषा ओलांडून तो परत गेला तर जाऊ द्यायचं. टाळ्या पडणार नाहीत, उलट बाहेरून आपलेच लोक ओरडतील, "धर ना भो!" तिसऱ्या चढाईला तोच रेडर, तितक्याच चपळ पायांनी, पण आता त्याला जवळ यावंच लागतं. आणि जवळ आला की त्याची पसरवायची कला संपते. प्रो कबड्डी 2014 मध्ये सुरू झाली तेव्हापासून तीन किंवा कमी गड्यांनी केलेल्या पकडीला एक गुण जादा मिळतो, वर्तमानपत्रात तिला अव्वल पकड म्हणतात. म्हणजे थांबणाऱ्याला बक्षीसही दुप्पट.

प्रो कबड्डीने आमच्या पोरांचं भलंही केलं आणि वाटोळंही. फजल अत्राचलीची डाव्या कोपऱ्यातली पकड प्रत्येकाच्या मोबाइलवर. तो इराणचा, पण एरंडोलपासून शिरपूरपर्यंत पोरं त्याच्यासारखी खांदा खाली टाकून उभी राहतात. गिरीश इर्नाक आपला महाराष्ट्राचा, तोही डावा कोपरा, त्याचे व्हिडिओ मी मुद्दाम दाखवायचो. पण मोबाइलवर येतो तो तुकडा चार सेकंदांचा. रेडर आला, झेप, शिट्टी, मांडीवर थाप. त्याआधीचे पंधरा-वीस सेकंद तो माणूस काय करत होता, पाऊल कुठे होतं, नजर कुठे होती, ते कापलेलं असतं. शिकण्यासारखं नेमकं तेच. मी एकदा पोरांना पूर्ण सामना बसून बघायला लावला, आवाज बंद करून. अर्धी पोरं झोपली.

मुलींना हे लवकर जमलं. त्यांचं मैदान 12 गुणिले 8, पट्टे सोडून एका बाजूला 36 चौरस मीटर, तिघींच्या वाट्याला बारा-बारा. जागा कमी म्हणून सोपं, असं काही जण म्हणतात. मला तसं वाटत नाही. थांबायला सांगितलं की मुली थांबायच्या, आणि का थांबायचं ते विचारायच्या. शेवटची एसटी चुकू नये म्हणून त्यांचा सराव पाचच्या आत आटपावा लागे, त्यामुळे एक मिनिट वाया घालवायची चैन नव्हती. आमची एक मधली कव्हर होती, अंगाने बेताची. तिने परतीच्या वाटेवर नुसतं उभं राहून इतक्या रेडर अडवल्या की समोरच्या संघाच्या बाई मला विचारायला आल्या, हिला ब्लॉक कोणी शिकवला. तिला ब्लॉक शिकवलाच नव्हता. ती योग्य जागी उभी असायची, रेडर येऊन तिच्यावर आदळायची.

निवृत्त झाल्यावरही मी तालुक्याच्या, जिल्ह्याच्या सामन्यांना जातो. जळगावला जुने सहकारी भेटतात, शेवभाजीवर वाद होतात. त्यांतला एक वाद अजून मिटलेला नाही. आमचे एक स्नेही, धुळे जिल्ह्यात अनेक वर्षं संघ तयार केलेले, म्हणतात की दोनच गडी उरले तर झुंजत बसू नये. सरळ लोण घेऊ द्यावं. दोघांचे दोन आणि लोणाचे दोन, चार गुण जातात, पण सातच्या सात गडी आत येतात आणि नव्या दमाने खेळता येतं. दोघांना घेऊन रडत-रखडत पाच मिनिटं काढली तर आपली चढाई करायलाही एकच रेडर उरतो, आणि तोही थकलेला. त्यांचं म्हणणं चुकीचं नाही. चारचौघांसारख्या संघात दोन चांगले रेडर बाहेर बसले असतील तर त्यांना आत आणायला चार गुण ही फार मोठी किंमत नाही, विशेषतः पूर्वार्धात.

मी उलट बाजूने भांडतो. दोघांनी एक अव्वल पकड केली तर दोन गुण आपले, एक गडी आत, आणि समोरचा चांगला रेडर बाहेर. चार द्यायचे की दोन घ्यायचे, यात सहा गुणांचा फरक आहे, आणि शालेय सामने याहून कमी फरकाने सुटतात. त्यावर ते म्हणतात, तुमची पकड दहातून किती वेळा बसते ते सांगा. मी सांगतो, तिसऱ्या चढाईपर्यंत थांबलो तर बऱ्यापैकी बसते. ते म्हणतात, रेफरी काय तुमच्या तिसऱ्या चढाईची वाट बघत घड्याळ थांबवतो का? शेवटची पाच मिनिटं असली आणि आपण मागे असलो तर त्यांचं खरं, हे मला मान्य करावं लागतं. पुढे असलो तर माझं. परवा एका सामन्यात आम्ही दोघंही मैदानाच्या कडेला बसलो होतो आणि नेमके दोनच गडी उरले, गुण बरोबरीत, सात मिनिटं बाकी. प्रशिक्षक तरुण होता, त्याने आमच्याकडे वळून पाहिलं. आम्ही दोघांनी एकाच वेळी दोन वेगवेगळ्या खुणा केल्या.